आमिष नाचणीचे, गळ मात्र लोखंडाचाच



आज जरा कडक लिहिणार आहे. साठी उलटलेल्या जोडप्यांच्या सहलीचे एक पत्रक सध्या आपल्या बायकांच्या गटांत फिरते आहे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, कोडगूत कावेरीकाठी चार दिवस. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तळमजल्यावरच्या खोल्या, कांदा-लसूण-बटाट्याविना स्वयंपाक, गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी जेवण. सगळे कसे आपल्याला साजेसे! आणि त्याच कागदावर खाली लिहिले आहे की रोज सकाळ-दुपार नदीवर गळ टाकून मासे धरायचे, फोटो काढायचा आणि मासा परत सोडून द्यायचा. मारायचे नाही, म्हणून जैन कुटुंबांनाही चालेल असे म्हणे.

आपल्याच घरांतून नावे गेली आहेत. मला जेवणाचे बघायला सांगितले होते, मी नाही म्हणाले. आमच्या ह्यांचेही नाव दिले नाही. त्यावर "हिला फार सोवळे" अशी कुजबूज चालली आहे. कुजबुजण्यापेक्षा इथेच उघड बोलू.

पहिला मुद्दा नेहमीचा: "मारत कुठे आहोत? सोडतोच की." बायांनो, न मारता केलेली हिंसा आपल्या आचार्यांना माहीत नव्हती असे वाटते का? समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: छेदन, बंधन, पीडन, अतिभारारोपण आणि आहारवारण. यांत एकही मरण नाही. जीव जिवंत ठेवून त्याला टोचणे, बांधणे, छळणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे, खाण्यापिण्यापासून अडवणे. आता गळाला लागलेला मासा डोळ्यांपुढे आणा. जबड्यात गळ रुतला, हे छेदन. दोरीने ओढला, हे बंधन. दमून उलटा होईपर्यंत खेळवला, हे पीडन. मोठा महसीर अर्धा-अर्धा तास झुंजतो, आणि शौकीन लोक त्या झुंजीचेच कौतुक सांगतात. आणि अतिचार हा व्रताला नकळत, गाफीलपणे लागणारा डाग. इथे तर पैसे भरून, तारीख ठरवून, टोपी घालून करायचे आहे. याला संकल्पी हिंसा म्हणतात. चूल पेटवताना, शेत नांगरताना होणाऱ्या हिंसेतून गृहस्थ सुटत नाही, हे शास्त्रानेही ओळखले आहे. पण संकल्प करून त्रस जिवाला दुखवणे हे श्रावकाने पहिल्याच पायरीवर सोडायचे असते. शिवाय यात ना पोटाचा प्रश्न, ना घराचा. केवळ करमणूक. बिनकामाच्या पापाला अनर्थदंड हे नावही आपल्याकडे तयार आहे.

दुसरा मुद्दा ऐकून तर मी कपाळाला हात लावला. म्हणे गांडूळ लावणार नाहीत, नाचणीच्या पिठाचा गोळा लावणार, म्हणजे आमिषही शाकाहारी! कावेरीवर महसीरसाठी नाचणीचा गोळा लावतात हे खरे आहे, जुनीच रीत आहे. द्वींद्रिय गांडूळ वाचले, चांगले झाले. पण त्या गोळ्याच्या पोटात पंचेंद्रिय जिवासाठी लोखंड दडवले आहे ना? आमिष या शब्दाचा मूळ अर्थच मांस. आपण स्वतःला निरामिष म्हणवतो. नाचणीला आमिष करून टाकणे हा आपल्या भाकरीचाही अपमान आहे. भुकेल्याला घास दाखवायचा आणि घासात काटा ठेवायचा, हे आपल्या घरात कुत्र्याशी केले तरी सासूबाई उपाशी ठेवतील आपल्याला!

तिसरा मुद्दा: "माशाला कुठे कळते?" मासा पंचेंद्रिय आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. ज्यांना शास्त्र पुरत नाही त्यांच्यासाठी विज्ञान घ्या. लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असतात. ओठाला जळजळणारे द्रव्य टोचल्यावर ते मासे खाणे सोडून तळच्या खड्यांवर ओठ घासू लागले. गळ रुततो तोही तिथेच. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार परत सोडण्याच्याच इराद्याने गळ टाकायला मनाई आहे. तिथले लोक मासे खातात, तरी त्यांना वाटले की केवळ गमतीसाठी जिवाला दुखवू नये. आणि आपण, पिढ्यान्‌पिढ्या मासा न खाल्लेले लोक, नेमकी तीच गंमत पैसे देऊन विकत घेणार?

आता वेळ पाहा. मेचा शेवट म्हणजे नदी सर्वांत आटलेली. मासे डोहांत गोळा झालेले. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे शाळेतले विज्ञान. दमलेल्या माशाला नेमका तेव्हाच तो जास्त लागतो. अमेरिकेत माँटाना राज्यात उन्हाळ्याच्या अखेरीस नद्या तापल्या की दुपारी दोननंतर गळ टाकणे बंद करतात, कारण सोडलेला मासाही नंतर मरतो. आपल्याकडे तर पाऊस आला की महसीर अंडी घालायला वरच्या अंगाला चढते. तिची तयारीची वेळ हीच. पोटुशी बाई घरात असली की आपण तिला जड कळशी उचलू देत नाही. मग फोटोत हसत उभे राहून आपण नक्की काय सोडून देतो, आणि ते पुढे किती जगते?

एका वहिनींनी मला जिवाणीचा दाखला दिला. पाणी गाळून गाळण्यातले जीव आपण परत विहिरीत सोडतो, तसेच हे म्हणे. वहिनी, पाण्यावाचून आपला दिवस जात नाही म्हणून आपण पाणी काढतो, आणि त्यात आलेल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचीही काळजी घेतो. जिवाणी सोडायचा आनंद मिळावा म्हणून कोणी पोहरा टाकत नाही.

दुसऱ्या एकीने मृगसेन धीवराची कथा काढली. तीही नीट आठवा. मृगसेन पोटासाठी जाळे टाकणारा. त्याने मुनींकडून एवढाच नियम घेतला की जाळ्यात आलेला पहिला मासा सोडायचा. त्या दिवशी तोच मासा पाचदा आला, त्याने पाचदा सोडला, रिकाम्या हाताने घरी गेला आणि बायकोने दार लावून घेतले. त्याची थोरवी घरची भूक सोसून नियम पाळण्यात आहे. आपण मात्र भरल्या पोटी, गार ताक पिऊन, पकडण्यासाठीच जाणार. ज्या कोळी-भोई बांधवांची चूल माशावर पेटते त्यांच्याबद्दल मी अक्षर बोलत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा, आपला वेगळा.

कोणी म्हणेल, या शौकिनांच्या पैशांमुळेच महसीर वाचली. यात थोडे तथ्य आहे. कावेरीवरच्या छावण्यांत पूर्वीच्या चोरट्या शिकाऱ्यांना राखणदारीचे काम मिळाले. पण याच शौकासाठी लोणावळ्यात वाढवलेल्या दुसऱ्या जातीच्या महसीरची पिल्ले कावेरीत सोडली गेली, आणि कावेरीची मूळची केशरी परांची, पाठीवर उंचवटा असलेली महसीर मागे पडत गेली. २०१८ पासून ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे. राखणीला पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या. त्यासाठी माशाच्या तोंडात गळ अडकवायची गरज नाही.

आता आपल्यावर येते. "पुरुष गळ टाकतील, आम्ही काठावर बसू," असे बहुतेकींनी ठरवले आहे. कृत, कारित, अनुमोदना ही तीन बोटे लहानपणापासून मोजतो आपण. पुरी-चटणीचे डबे भरून द्यायचे, फोटो काढायचा, "केवढा मोठा हो!" म्हणून टाळ्या वाजवायच्या, याला अनुमोदना नाही तर काय म्हणायचे? हात ओला झाला नाही म्हणून वाटा चुकत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवलो म्हणून दुपारचे पाप धुतले जात नाही. आणि नातवंडे हे फोटो बघणार आहेत. मुंगी चिरडली तर ओरडणारी आजी आणि मासा धरून हसणारे आजोबा, यांतले कोणाचे खरे मानायचे त्यांनी?

सहलच नको, असे मी म्हणत नाही. जन्मभर दुकान, शेती, नोकरी, पाहुणे यांत गेलेल्या जोडप्यांना नदीकाठी चार दिवस निवांत बसावेसे वाटते, यात गैर काय? सहल करूच, फक्त गळाविना. तेच कोडगू, त्याच तारखा. पहाटे काठावर दुर्बीण घेऊन पक्षी पाहा. भागमंडल आणि तलकावेरी पाहा. शनिवारसंतेजवळ मुळ्ळूरला अकराव्या शतकातल्या, कोंगाळ्व राजांच्या काळातल्या तीन जैन बस्त्या आहेत. कोडगूत जाऊन आपली किती माणसे तिथे दर्शनाला जातात? परतताना श्रवणबेळगोळ करा. पायऱ्या झेपत नसतील तर डोली मिळते.

आणि मासे पाहायची हौस असेल तर महाडजवळच्या वाळण कोंडीला किंवा वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसे येथे जा. देवाचे मासे म्हणून गावकऱ्यांनी तिथली महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे. ती माणसे जैन नाहीत, बहुतेक मासे खाणारीही असतील, पण त्या डोहाला हात लावत नाहीत. त्यांच्यापुढे आपण गळ घेऊन उभे राहायचे?

ज्यांनी नावे दिली आहेत त्यांनी आयोजकांना एवढेच कळवावे: गळ वगळा, नाहीतर नाव वगळा. दहा जोडप्यांनी सांगितले तर कार्यक्रम बदलेल, कारण पैसे आपले आहेत. घरी हे बोलायची पाळी आपल्यावरच येणार. रागावून नको, जेवण झाल्यावर शांतपणे बोला. गळाविना सहल ठरली तर जेवणाची सगळी जबाबदारी माझी. नाचणीही आणीन. तिची आंबील करू आणि सगळे मिळून पिऊ.