कामाचीही वाटणी हवी

"आमचे हे घरात खूप मदत करतात हो," असं एखादी मैत्रीण सांगते तेव्हा बाकीच्या जणी हेव्यानं ऐकतात. मला त्यातला 'मदत' हा शब्द खुपतो. मदत दुसऱ्याच्या कामात करायची असते. शेजारी लग्न असलं की आपण मदतीला जातो. जमलं नाही तर कुणी जाब विचारत नाही. नवरा स्वतःच्याच घरात 'मदत' करतो, म्हणजे काम मुळात बायकोचंच, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं.

वस्त्यांमधल्या बैठकांत मी कधीकधी एक तक्ता भरून घेते. एका बाजूला घरातली कामं, दुसऱ्या बाजूला ती कोण करतं. पुरुषांचा रकाना अगदी कोरा नसतो. सिलिंडर बदलणं, विजेचं बिल, महिन्याचा किराणा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर काढणं, ही कामं तिथे येतात. नागपुरात कूलर लावणं म्हणजे मोठाच कार्यक्रम! नवरा ताट्या बदलतो, मोटर तपासतो, गल्लीतले दोघे-तिघे सल्ला द्यायला येतात. एका दिवसात काम संपतं. पुढे पावसाळा लागेपर्यंत रोज त्या टाकीत पाणी भरतं कोण? बायको, नाहीतर दहावीतली मुलगी. पुरुषांची कामं अधूनमधून येणारी आणि चारचौघांना दिसणारी. बायकांची कामं रोजची, आणि राहिली तरच दिसणारी.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणांतही हेच दिसतं. घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया 2019 साली दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवत होत्या आणि पुरुष 97 मिनिटं. 2024 साली हे आकडे 289 आणि 88 झाले. फरक 202 मिनिटांचा होता, तो 201 झाला. पाच वर्षांत एक मिनिट! शिवाय ही 88 मिनिटं फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहेत, आणि असे पुरुष साधारण चारात एक. उरलेले तिघे या हिशेबात आलेलेच नाहीत.

यावर उत्तर ठरलेलं असतं, "पुरुषांना ते जमत नाही." हे निदान नागपुरात तरी कुणी म्हणू नये. सकाळी चौकाचौकात तर्री-पोह्यांचे ठेले लागतात, तिथे पुरुष उभे असतात. सावजी भोजनालयात, लग्नाच्या पंगतीत पुरुष आचारी शेकडो माणसांचा स्वयंपाक करतात. घरातही रविवारी मटणाचा रस्सा नवरा करतो आणि पाहुण्यांकडून वाहवा घेतो. लसूण सोललेला, मसाला वाटलेला आणि मागची भांडी घासलेली मात्र बायकोनं. म्हणजे हाताला सगळं येतं. जिथे पैसे नाहीत, कौतुक नाही आणि सुटीही नाही, तिथेच ते येईनासं होतं.

न्यायालयांतही याबाबत एकवाक्यता नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ऑक्टोबर 2022 मध्ये म्हटलं, की विवाहितेला घरासाठी काम करायला सांगणं म्हणजे तिला मोलकरणीसारखं वागवणं नव्हे. इच्छा नसेल तर तिनं ते लग्नाआधीच सांगायला हवं होतं. याच न्यायालयानं सप्टेंबर 2023 मध्ये घटस्फोट मागणाऱ्या एका नवऱ्याचं अपील फेटाळलं. बायको घरकाम करत नाही, अशी त्याची तक्रार होती. घरच्या जबाबदाऱ्यांचा भार नवरा-बायकोनं सारखाच उचलायला हवा, असं त्या वेळी न्यायालय म्हणालं. पहिल्या निकालावर माझा एकच प्रश्न आहे. घरकाम करायचं नसेल तर लग्नाआधी सांग, असं मुलाला आजवर कुणी बजावलं आहे का?

आपल्या शहराला ही चर्चा नवी नाही. 20 जुलै 1942 रोजी इथेच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, त्याची दासी होऊ नये, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बायकांना सांगितलं. बरोबरीची गोष्ट भाषणात सगळ्यांना पटते. ती मोरीतल्या भांड्यांपर्यंत यायला हवी.

आपल्यासारख्या नोकरदार बायका यातून एक सोपी वाट काढतात. धुण्याभांड्याला बाई लावतात. तिला योग्य पगार आणि सुटी मिळत असेल तर त्यात गैर काही नाही. घरकाम हे श्रम आहेत, हे तर विदर्भ मोलकरीण संघटनेनं याच शहरात ठामपणे मांडलं. पण बाई लावल्यानं नवऱ्याचा वाटा वाढत नाही. आपला भार दुसऱ्या बाईच्या खांद्यावर जातो, आणि ती घरी परतते तेव्हा तिचीही चूल तिचीच वाट पाहत असते.

मग करायचं काय? माझ्या मते सुटी सुटी कामं सांगत बसू नये. एक आख्खं काम सोपवावं, त्याच्या विचारासकट. भाजी चिरून देणं ही मदत झाली. काय करायचं, घरात काय आहे, काय संपलं, हे पाहून रात्रीचं जेवण करणं आणि ओटा पुसणं ही जबाबदारी झाली. आमच्या घरी मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हापासून सकाळचे डबे माझ्या जोडीदाराकडे आहेत. पहिल्या आठवड्यात चार दिवस पोहेच गेले. मुलानं कुरकुर केली, सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तरी मी ओट्याकडे फिरकले नाही. आज डब्यात काय द्यायचं, हे मला कुणी विचारत नाही. सकाळचा तो अर्धा तास माझा झाला, त्याहून जास्त माझं डोकं मोकळं झालं.

हे प्रत्येकीला घरात मागता येईलच असं नाही, हेही मला ठाऊक आहे. जिथे ताट आपटलं जातं, हात उगारला जातो, तिथे आधी तिची सुरक्षितता. तिथे एकटीनं वाद घालू नये. मंडळातल्या चौघींनी मिळून त्या घरात बोलायला जावं, गरज पडली तर कायद्याचा आधार घ्यावा. आणि मुलगे तर प्रत्येकीच्या हाताशी आहेत. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र आलं. ते चित्र घरात दिसलं तरच मुलांना खरं वाटेल. मुलीला कूलर भरायला उठवताना शेजारी बसलेल्या मुलालाही उठवायला काय हरकत आहे?

शेतीची, घराची वाटणी होते तेव्हा भाऊ इंच इंच मोजून घेतात. मैत्रिणींनो, आपणही कामं मोजायला बसू या. या आठवड्यात घरच्या सगळ्यांना समोर बसवून तक्ता भरा, तीन महिन्यांसाठी एक आख्खं काम जोडीदाराकडे द्या, आणि काय झालं ते आम्हाला कळवा. भांडण झालं असेल तर तेही लिहा.