मोजलं कसं? आकाशातलं लाख कोटी पट चुंबक

फ्रिजच्या दारावर वाणसामानाची यादी अडकवायला आपण छोटंसं मॅग्नेट लावतो. त्याच्या एक लाख कोटी पट, किंवा त्याहूनही जास्त ताकदीची चुंबकं आकाशात आहेत! एवढा आकडा आपण एरवी फक्त बजेटच्या बातम्यांत ऐकतो. या ताऱ्यांना म्हणतात मॅग्नेटार. तिथे कुणी गेलेलं नाही, जाणं शक्यही नाही. मग ही ताकद मोजली कशी?

मॅग्नेटार म्हणजे काय?

सूर्यापेक्षा कितीतरी मोठा तारा शेवटी फुटतो, तेव्हा त्याचा गाभा आत दबून न्यूट्रॉन तारा तयार होऊ शकतो. रुंदी जेमतेम 20 किलोमीटर, म्हणजे एखाद्या शहराएवढी. वजन मात्र सूर्यापेक्षा जास्त. अशा ताऱ्यांपैकी ज्यांचं चुंबकीय क्षेत्र अतिप्रचंड, ते मॅग्नेटार.

त्यांची ओळख पटते ती मुख्यतः एक्स-रेमधून. हाड मोडल्यावर फोटो काढतात, तेच हे किरण. पृथ्वीचं वातावरण ते अडवतं. आपल्या तब्येतीसाठी हे चांगलंच, पण त्यामुळे दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवावी लागते.

ब्रेकवरून ताकद कळली

5 मार्च 1979 रोजी सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा 11 आणि 12 या यानांवर गॅमा किरणांचा अचानक लोट आदळला. मग तो दर 8 सेकंदांनी ठोके देत मंदावत गेला. हे काय असावं? 1992 मध्ये रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन यांनी मॅग्नेटारची कल्पना मांडली. पण पुरावा हवा होता.

तो मिळाला 1998 मध्ये. क्रिसा कुव्हेलियोटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स-रे उपग्रहांच्या मदतीने धनु राशीच्या दिशेचा ‘एसजीआर 1806-20’ हा तारा तपासला. तो स्वतःभोवती 7.47 सेकंदांत एक फेरी घेत होता आणि हळूहळू मंदावत होता. किती? सेकंदाचे हजार भाग केले, तर वर्षभरात फेरीचा वेळ त्यातल्या दोन-तीन भागांनीच वाढत होता. फिरणारं चुंबक ऊर्जा बाहेर टाकतं, आणि तोच ताऱ्याला लागलेला ब्रेक. ब्रेक जितका जोरात, तितकं चुंबक ताकदवान. हिशोब केला आणि मॅग्नेटारची कल्पना खरी ठरली.

याच ताऱ्याचा 27 डिसेंबर 2004 रोजी मोठा भडका उडाला. तो हजारो प्रकाशवर्षं दूर असूनही आपल्या वातावरणाच्या वरच्या थरात खळबळ झाली. घाबरू नका, जमिनीवर कुणाला काहीही इजा झाली नाही.

आता किरणांची दिशाही कळते

दोरीचं एक टोक धरून ती वर-खाली हलवता येते, तशी आडवीही. एक्स-रेच्या लहरीही अशाच ठरावीक दिशेने हलू शकतात. नासा आणि इटलीच्या अंतराळ संस्थेच्या ‘आयएक्सपीई’ उपग्रहाने ‘4यू 0142+61’ या मॅग्नेटारच्या किरणांची ही दिशा मोजली. 2022 मध्ये निष्कर्ष आले. कमी आणि जास्त ऊर्जेच्या किरणांची दिशा एकमेकींशी काटकोनात होती! त्यावरून शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की या ताऱ्याभोवती वायूचं आवरण नसावं. चुंबकाच्या ओढीने पृष्ठभागच घट्ट झाला असावा.

भारतही यात आहे. 1 जानेवारी 2024 रोजी इस्रोने श्रीहरिकोटाहून ‘एक्सपोसॅट’ सोडला. त्यावरचं ‘पोलिक्स’ हे उपकरण बंगळुरूच्या रमन संशोधन संस्थेने बनवलंय. ते आयएक्सपीईपेक्षा जास्त ऊर्जेच्या एक्स-रेची दिशा मोजतं.

तेव्हा फॅमिली ग्रुपवर ‘मॅग्नेटार पृथ्वी गिळणार’ असा व्हिडिओ आला, तर पुढे पाठवण्याआधी मुलांना सोबत घेऊन एकच प्रश्न विचारा : हे मोजलं कुणी आणि कसं? खऱ्या माहितीकडे त्याचं उत्तर असतं.