हळदोण्याचे चिक चॉकलेट

‘अलबेला’च्या (१९५१) संगीताचे श्रेय आपण सी. रामचंद्रांना देतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या चालींना जाझचा खट्याळ साज चढविण्यात ज्यांचा हात होता, ते त्यांचे सहायक, हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, किती गोमंतकीयांना ठाऊक आहेत? मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवून नाव कमावलेल्या या वादकाला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९६७ साली ते निवर्तले.

चाल सुचणे वेगळे आणि ती वाद्यवृंदासाठी कागदावर उतरविणे वेगळे. हे दुसरे काम चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेल्या गोमंतकीयांनी केले. शंकर-जयकिशनांसाठी ते सेबॅस्टियन डिसोझांनी केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ साली घरोघरी पोहोचले, ते शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे. आणि तेही बहुतेकांना काल्पनिकच वाटले!

ही मंडळी ख्रिस्ती, वाद्ये पाश्चात्त्य, म्हणून हा वारसा परका मानण्याचा करंटेपणा आपण करू नये. त्यांची हस्तलिखित स्वरपत्रे ज्या घरांत उरली असतील, तेथून कला अकादमीने ती मागून घ्यावीत. दमट हवेत कागद किती टिकतो हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा हे काम पावसाळ्यापूर्वीच सुरू व्हावे, अशी आमची सूचना आहे.