इंजिनाचे शेवटचे पाच आकडे

जुन्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या नव्या नंबरप्लेटच्या मुदतवाढींचा हिशेब वाचकांनी केव्हाच सोडून दिला असेल, म्हणून तो इथे मांडत नाही. आमचे लक्ष अडकले आहे ते त्या प्लेटच्या नोंदणीच्या संकेतस्थळावरच्या एका चौकोनात. गाडीचा नंबर टाका, चॅसिस क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे टाका आणि इंजिन क्रमांकाचेही शेवटचे पाच टाका. आकडे आरसीवरचे चालतात. बॉनेटखाली काय आहे, याची चौकशी चौकोनाच्या कामात बसत नाही.

आता समजा, परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्यात एक जुनी जीप आहे. तिचे पेट्रोल इंजिन कधीचेच भंगारात गेले. त्याच्या जागी मिस्त्रीने मुंबईहून आणलेले जुने जपानी डिझेल इंजिन बसवले. माउंटिंग कापली, नवी वेल्डिंग केली, गिअरबॉक्सशी जमवून घेतले आणि जीप पूर्वीपेक्षा बरी पळू लागली. आरसी मात्र जुनीच. मालक ती समोर धरून पाच आकडे टाकतो, संगणक ते सरकारी नोंदीशी ताडून पाहतो आणि प्रसन्न होतो. पत्रिका एकाची जुळली, बोहल्यावर दुसराच उभा! मग ७४५ रुपये, वर जीएसटी, की अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि पुन्हा न उघडणारे कुलूप असा सगळा सरंजाम येतो. एवढ्या कडेकोट बंदोबस्तात जपला जातो तो कुठल्याशा भट्टीत वितळून गेलेल्या इंजिनाचा पत्ता. शिवाय काचेवर रंगीत स्टिकर आहेच. डिझेलला नारिंगी, पेट्रोलला फिकट निळा. नोंद पेट्रोलची आहे, तेव्हा काळा धूर ओकणारी ही जीप आकाशी निळे प्रमाणपत्र मिरवीत पूर्णा रस्त्याने जाणार. इतके काव्य परिवहन खात्याकडून आम्ही अपेक्षिले नव्हते.

हे इंजिन बेकायदा आहे, यात वाद नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवली. सीएनजीचा किट चालतो, बॅटरीही चालते, कारण त्यांच्यासाठी मंजुरीची वाट आखलेली आहे. जपानी डिझेलवाल्याला वाट नाही.

पण याच कलमात एक ओळ अशी आहे की ती वाचून आम्हाला फार दिवसांनी मनापासून आनंद झाला. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असेल, तर पूर्वपरवानगीशिवाय बसवण्याची मुभा राज्य सरकार अधिसूचना काढून देऊ शकते. कुणाला? ज्याच्याकडे किमान दहा व्यावसायिक वाहने आहेत त्याला. दहाच का? नऊ ट्रकांच्या मालकाची सचोटी कुठे कमी पडते? दहाव्या ट्रकचा पहिला हप्ता भरताच माणसाच्या अंगी इंजिन ओळखण्याची कोणती दृष्टी येते, हे कायद्याने सांगितलेले नाही. एका जीपच्या मालकाने मात्र अगदी तसलेच इंजिन बसवायचे म्हटले, तरी आधी अर्ज घेऊन परभणी गाठावी. नांदेड जवळ आहे, हे कारण आरटीओत चालत नाही.

दहा गाड्यांवर एवढी मेहेरबानी, तर कारखान्यावर किती असेल? प्रीमियरने फियाटच्या जुन्या सांगाड्यात निसानचे इंजिन घातले आणि १९८५ मध्ये ११८ एनई म्हणून विकले. हिंदुस्तान मोटर्सने ब्रिटिश व्हॉक्सहॉलच्या देहात जपानी इसुझूचे हृदय बसवले, ती काँटेसा. अमेरिकी विलीसच्या वंशातल्या जीपमध्ये महिंद्राने आधी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले, मग फ्रेंच प्यूजोचे. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल तर मारुती, टाटा, शेवरलेट अशा घरोघरी नांदले आणि त्याला कौतुकाने राष्ट्रीय इंजिन म्हटले गेले. कारखान्याने केले की तांत्रिक सहकार्य, मिस्त्रीने केले की कलम ५२.

कारखान्याने चाचण्या करून बसवले आणि मिस्त्रीने अंदाजाने, हा फरक आम्हालाही कळतो. वजनदार इंजिन आले की ब्रेक तेच पुरतात का, पुढचे पाटे ते सोसतात का, हे कुणीतरी जाणत्याने पाहिलेच पाहिजे. नऊ-दहा माणसे कोंबून धावणाऱ्या जीपच्या बाबतीत तर आधी पाहिले पाहिजे. पण पाहणार कोण? वाहन तपासणारी एआरएआय पुण्याच्या टेकडीवर आहे आणि ती कंपन्यांच्या नमुन्यांसाठी आहे, एकट्या जीपसाठी नाही. आरटीओतल्या निरीक्षकाने एका गाडीचे बदललेले इंजिन तपासून, दंड घेऊन का होईना, खरा क्रमांक नोंदवावा, एवढी साधी व्यवस्था होईपर्यंत बॉनेट बंदच राहणार. तोवर होलोग्राम आहेच.

तशी पळवाट म्हणावी तर कायद्यात आहे. परवानगीविना बदल केला असेल, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला स्वतःहून कळवावे, सोबत आरसी आणि फी जोडावी, असे कलम ५२च म्हणते. म्हणजे सहा महिन्यांची कैद होऊ शकेल असा कबुलीजबाब शुल्क भरून द्यायचा, तोही मुदतीत. परभणीच्या खिडकीसमोर त्यासाठी रांग लागल्याचे ऐकिवात नाही.