टपावरचा पलंग

काळीपिवळीचा टप पाहिलाय कधी? म्हणजे नीट, निरखून? पुण्या-मुंबईतल्या मंडळींना काळीपिवळी म्हटलं की टॅक्सी आठवते. आमच्या विदर्भात काळीपिवळी म्हणजे जीप. तिच्या आत किती माणसं मावतात हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, पण खरी गंमत वर असते. गव्हाची पोती, सायकल, लग्नातलं कपाट, कधी कधी दोन जिवंत बकऱ्या. हे सगळं ज्यावर उभं असतं ते लोखंडी कॅरिअर कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नसतं. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं दुपारी दोन ते चारमध्ये ठोकलेलं असतं.

आणि आपण? आपल्या हॅचबॅकच्या डिकीत दोन ट्रॉली बॅगा आणि एक लॅपटॉप बसला की गाडी ‘फुल’. मग एखादं टेबल न्यायचं म्हटलं की टेम्पोवाल्याला फोन. तो दोन हजारांपासून सुरुवात करणार, आपण ‘काय राव’ म्हणणार, शेवटी अठराशे देऊन मोकळे होणार.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी हाच सीन झाला. फक्त टेबलाऐवजी पलंग होता, आणि पलंग मामाचा होता.

मामा आर्वीला राहतो. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, वर्ध्याला ऑपरेशन झालं. शनिवारी डिस्चार्ज. डॉक्टरांनी मामीला बजावून सांगितलं होतं की जमिनीवर गादी चालणार नाही, बाज चालणार नाही, पाय खाली सोडला की गुडघा काटकोनात राहील इतका उंच पलंग हवा. आणि वर्ध्याला दादाच्या, म्हणजे माझ्या मामेभावाच्या, गच्चीवर आजीच्या वेळचा लोखंडी पलंग पडून होता. सहा फूट बाय तीन फूट, कडेला धरायला दांडी, बरोब्बर उंची. ऑपरेशननं घरातला कापसाचा पैसा आधीच खाल्ला होता, त्यामुळे नवा पलंग घ्यायचा विषयच मामीनं निघू दिला नाही. एसटीच्या टपावर टाकायचे दिवस गेले, आता बहुतेक बसना वर कॅरिअरच नसतं. टेम्पोचा आकडा ऐकून मामीनं फक्त पदरानं कपाळ पुसलं. राहता राहिली दादाची सेकंडहँड अल्टो.

इथे थोडं टेक्निकल ज्ञान. घाबरू नका, छोटंसंच आहे.

जुन्या गाड्यांना टपाच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ असायची. गॅरेजवाले तिला सरळ ‘गटर’ म्हणतात. अँबॅसिडर, फियाट म्हणजे आपली प्रीमियर पद्मिनी, झालंच तर ओम्नी. या गटरमध्ये कॅरिअरचे पाय अडकवायचे, खालून बोल्ट आवळायचा, विषय संपला. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीवरचं ते कॅरिअर आठवतंय ना? ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली, आणि तिच्याबरोबर बॅगा टपावर फेकणारी एक अख्खी संस्कृतीही. हल्लीच्या गाड्यांचा टप गुळगुळीत. काहींना रुबाबदार रूफ रेल असतात, पण त्यातल्या कितीतरी नुसत्या शोभेच्या, चिकटवलेल्या. त्यांना वजन बांधलंत तर रेलही जाईल आणि सामानही. तुमची कुठली आहे ते मॅन्युअल उघडून बघा. (हो, ते प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर न काढलेलं पुस्तक.)

अल्टोला गटर नाही, रेल नाही. ब्रँडेड क्रॉस बारच्या किमती दादानं फोनवर बघितल्या आणि फोन उलटा ठेवला.

‘कायले टेन्शन घेतं तू?’ तो म्हणाला, ‘टपावर चादर टाकू, पलंग ठेवू, गादी त्याच्यावर, दोऱ्या आवळल्या की झालं!’

सगळेजण असंच करतात, हे मान्य. पण मला प्रश्न पलंगाचा नव्हता, मागून येणाऱ्या बाइकवाल्याचा होता. टपावरून सटकलेली वस्तू आपल्याला लागत नाही, ती मागच्याला लागते. आर्वी रोडवर मागचा म्हणजे बहुतेक वेळा मोटरसायकल, तिच्यावर नवरा-बायको आणि मध्ये झोपलेलं पोर. हेल्मेट असलंच तर एकाला.

म्हणून आम्ही वेल्डिंगवाल्या काकांकडे गेलो.

वर्ध्यात अशा कामाला ऑड वाटायचं काही कारणच नाही. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात राहायला आले, तेव्हा त्यांच्यासाठी माती आणि बांबूच्याच झोपड्या उभ्या राहिल्या. आजूबाजूला जे मिळतं त्यातच भागवायचं हा तिथला नियम. त्या काळातला एक किस्सा तर मला जाम आवडतो. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून ती चालवायचे म्हणे, आणि गमतीनं तिला ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणायचे. आपली अल्टो त्या मानानं हायटेकच!

काकांनी टपाला प्रदक्षिणा घातली, मधोमध अंगठ्यानं दाबलं. पत्रा टुक् करून आत गेला, टुक् करून बाहेर आला. ‘इथं वजन द्याचं नाही,’ ते म्हणाले. ‘मध्ये नुसता पत्रा हाय. जीव हाय तो कडेले.’ कडेला म्हणजे जिथे दारांमधले खांब टपाला भिडतात तिथे. अख्ख्या प्रोजेक्टचा फंडा या दोन वाक्यांत आला.

दादानं विचारलं, ड्रिल मारून बोल्टच बसवले तर? काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प. उत्तर मला मिळालं, ‘पोरी, भोक पाडशीन त पयल्या पावसात पाणी थेट डोक्यावर येईन. अन् मंग गंज.’

तर रेसिपी अशी. एक इंची चौकोनी पाइप, चौकोनी यासाठी की गोल पाइप क्लॅम्पमध्ये फिरतो. टपाच्या रुंदीचे दोन तुकडे आडवे, त्यांना जोडणारे दोन उभे. चार कोपऱ्यांवर चार पाय, प्रत्येक पायाखाली तळहाताएवढी लोखंडी पट्टी, म्हणजे वजन एका टोकावर न येता पसरतं. पट्टीखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर, दुहेरी. ट्यूब पंक्चरवाल्यानं फुकट दिली. मग खरी करामत: इंचभर रुंद जाड पट्टी वाकवून केलेले चार हुक. दार उघडायचं, हुक टपाच्या कडेला आतून अडकवायचा, बाहेरून बोल्ट आवळायचा, दार लावायचं. हुकलाही रबर, नाहीतर रंग खरवडतो. नट साधे नाहीत, आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्यानं सैल न होणारे. ते मात्र दुकानातून नवे आणा, तिथे कंजुषी नको. वर रेड ऑक्साइडचा हात.

पाइप, पट्टी, नट-बोल्ट, मजुरी धरून बिल झालं १,१४० रुपये. काकांनी चहा त्यांच्याकडून पाजला. रॅकचं वजन आठ किलोच्या आसपास भरलं. ते वजन महत्त्वाचं, कारण छोट्या गाडीचा टप साधारण ३० ते ५० किलोच पेलायला बनवलेला असतो, आणि त्या आकड्यात रॅकही धरायचा असतो. पलंग बावीस किलो. म्हणजे तीस. बस्स. दादा म्हणाला, अजून पाच किलो बसतात की! नाही बसत. खड्ड्यातून गाडी उसळते तेव्हा तीस किलो तीस राहत नाहीत.

आता गादी. गादीवरून आमचं जे भांडण झालं त्याला तोड नाही. दादाचं म्हणणं, गादी हलकी, सात-आठ किलो, तिची काय भीती? अहो, भीती हलकीचीच असते! वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की वारा चौपट ढकलतो. गणित करून बघा: ताशी ६० ला एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण १७ किलोचा जोर, ८० ला ३०, आणि १२० ला तब्बल ६८. सहा बाय तीनची गादी दीड चौरस मीटरहून मोठी. तिची पुढची कड एकदा का उचलली गेली आणि ती शिडासारखी उभी राहिली, की ८० च्या वेगाला वारा तिला जवळपास ५० किलोच्या जोरानं ओढणार. खिडकीतून हात बाहेर काढून गादी धरून बसलेले हीरो आपण सगळ्यांनी पाहिलेत. कुठल्या हातानं ५० किलो धरणार बॉस?

पलंगाचं तसं नाही. नळ्या आणि जाळी, वारा आरपार. म्हणून पलंग वर आणि गादी गुंडाळून मागच्या सीटवर, असा तह झाला.

बांधण्याचं शास्त्र वेगळंच. सुतळी बाद, ती घासून तुटते. नायलॉनची दोरी मजबूत पण ताणली जाते, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, सकाळी टाइट बांधलेली दोरी दुपारी ढिली मिळते. चपटे रॅचेट पट्टे मिळतात ते बेस्ट. त्यांना मध्ये एक पीळ द्यायला विसरू नका. सरळ पट्टा वाऱ्यात भुंग्यासारखा घोंघावतो, पीळ दिला की चूप बसतो. ट्यूबच्या रबरी पट्ट्या आधाराला ठीक, पण सगळा भार त्यांच्यावर नको. आणि सामान रॅकला बांधलं म्हणजे झालं असं नाही. पुढून एक दोरी बंपरखालच्या हुकला, मागून एक मागच्या हुकला. ब्रेक दाबला की सामानाला पुढे जायचं असतं, वेग घेतला की मागे. आडव्या बांधलेल्या पट्ट्यांना ते अडवता येत नाही.

कायद्याचं काय, असं तुम्ही विचारणारच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ (१ए) आलं: सामान गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेलं तर दंड २०,००० रुपये. आपलं सामान गाडीच्या अंगाबाहेर बोटभरही नको. आणि गाडीत कायमचा बदल करायला कलम ५२ आडवं येतं; सुप्रीम कोर्टानंही २०१९ च्या जानेवारीत या बाबतीत कडक भूमिका घेतली. रॅक वेल्ड करून बसवायचा नाही, काम झालं की काढायचा, हे त्यामुळेही बरं. शिवाय रिकामा रॅक वारा अडवतो आणि पेट्रोल पितो, ते वेगळंच.

समृद्धी महामार्गाचा मोह दादाला झाला होता. येळाकेळीला चढायचं, विरूळला उतरायचं, भन्नाट रस्ता. पण जिथे बाकीच्या गाड्या १२० नं येतात तिथे टपावर पलंग घेऊन ५० नं सरपटणं म्हणजे दुसऱ्या टोकाचा धोका. आम्ही खरांगण्याच्या जुन्या रस्त्यानं गेलो.

पहिल्या पाच किलोमीटरवर थांबलो. हा नियम पाळाच, कारण पहिल्या काही किलोमीटरमध्ये सगळं आपापल्या जागी बसतं आणि पट्टे सैल होतात. दोन पट्टे खरंच बोटभर ढिले झाले होते. आवळले. पुढे खरांगण्याला चहाच्या निमित्तानं पुन्हा बघितलं, तेव्हा सगळं जागच्या जागी. वळणावर गाडी नेहमीपेक्षा थोडी जास्त कलते, कारण वजन डोक्यावर गेलेलं असतं. दादा, जो एरवी आर्वी रोडवर स्वतःला रेसर समजतो, आयुष्यात पहिल्यांदा बैलगाडीच्या मागे हॉर्न न वाजवता चालला.

पलंग शुक्रवारी संध्याकाळी लागला. शनिवारी मामा आला, वॉकर धरून चार पावलं टाकली, पलंगाच्या कडेवर बसला. पाय टेकले. गुडघा काटकोनात. मामी एवढा वेळ उंबरठ्याशी उभी होती, ती तिथेच खाली बसली. दारातल्या अल्टोवर रॅक तसाच होता. मामानं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘हे काय, माही पालखी काढली का गावातून?’

रॅक आता दादाच्या जिन्याखाली असतो. म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात तो गल्लीत फिरतो. कुणाला लग्नाची टेबलं आणायची असतात, कुणाला मुलीची सायकल होस्टेलला पोचवायची असते. दादानं त्याच्या पाइपवर ऑइल पेंटनं लिहून टाकलंय: ‘३० किलो, रॅकसकट. स्पीड ५०.’ परवा शेजारच्यांना कूलर न्यायचा होता. दादानं अट घातली, आडवा ठेवायचा आणि आधी वजन करायचं. कूलर रेशन दुकानातल्या काट्यावर चढवला. अठ्ठावीस भरला. रॅकचे आठ मिळवून छत्तीस. टाकी, पंप आणि गवताच्या जाळ्या काढून वेगळ्या डिकीत ठेवल्या, मग वीस भरला, आणि मगच तो टपावर गेला.