मनाची ओळख अकरावीपर्यंत का थांबावी?

दरवर्षी उन्हाळ्यात दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत काही दिवस गुणांखेरीज दुसरा विषय निघत नाही. नागपूर विभागात जिल्ह्याचा क्रमांक कितवा, कोणत्या शाळेचा निकाल शंभर टक्के, याची चर्चा होते. यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापून येतात. ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी लाखांदूर, पवनी वा मोहाडी तालुक्यातील एखाद्या गावात नापास झालेला एक मुलगा मागच्या अंगणात एकटाच बसून स्वतःविषयी एक निर्णय करून टाकतो. ‘आपल्याला डोकेच नाही,’ हा तो निर्णय. पुढे तो घरच्यांबरोबर धानाच्या रोवणीला जातो किंवा कामासाठी नागपूरची वाट धरतो, त्याला घरची ओढगस्त जशी कारण असते तसा हा निर्णयही कारण असतो. तो चुकीचा असू शकतो, हे मात्र शाळेच्या दहा वर्षांत त्याला कोणी सांगितलेले नसते.

महाराष्ट्रात मानसशास्त्र हा स्वतंत्र विषय विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो अकरावीत. तोही ऐच्छिक, प्रामुख्याने कला शाखेत, आणि संबंधित कनिष्ठ महाविद्यालयाने तो ठेवला असेल तरच. बालभारतीने २०२० मध्ये काढलेल्या बारावीच्या पुस्तकात बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, भावना, मानसिक विकृती अशी प्रकरणे आहेत. विषयांची ही निवड उत्तम आहे. प्रश्न एवढाच की ते पुस्तक कोणाच्या हाती पडते? दहावीनंतर शाळा सोडणाऱ्याच्या हाती ते पडत नाही, आयटीआयला जाणाऱ्याच्या पडत नाही, आणि वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी नागपुरात खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीच्याही सहसा पडत नाही. ज्यांना या ज्ञानाची गरज सर्वांत अधिक, तेच नेमके त्यापासून दूर राहतात.

यात एक विसंगतीही आहे. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यास मानसशास्त्र चुकविता येत नाही. अध्यापन पदविका आणि बी.एड. या अभ्यासक्रमांत शैक्षणिक मानसशास्त्र असते. शिक्षक पात्रता परीक्षेत बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र या विभागाला दीडशेपैकी तीस गुण असतात. म्हणजे मुलाच्या मनाविषयी शिक्षकाची परीक्षा होते, पण ज्याचे ते मन आहे त्या मुलाला त्याविषयी अक्षरही सांगितले जात नाही. बियाण्याची माहिती कृषी अधिकाऱ्याला द्यावी आणि शेतकऱ्यापासून राखून ठेवावी, त्यातलाच हा प्रकार होय.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मानसशास्त्र झेपेल काय, अशी शंका घेतली जाते. वस्तुतः त्याला उपयोगी पडतील अशा गोष्टी अगदी साध्या आहेत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःच्याच विस्मरणाचे मोजमाप केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग तासाभरातच निसटतो आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. तीच उजळणी एका बैठकीत उरकण्याऐवजी काही दिवसांत विभागली तर कमी श्रमात अधिक टिकते, हेही त्याने दाखविले. पुस्तक पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून आठवून पाहणे अधिक फलदायी ठरते, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकंपट्टी करणाऱ्या मुलाला एवढे जरी आठवीत कळले असते, तरी दोष डोक्याचा नसून पद्धतीचा आहे हे त्याच्या ध्यानी आले असते.

भीतीचेही तसेच आहे. परीक्षागृहात छाती धडधडू लागली, तळहातांना घाम फुटला की मुलाला वाटते, सारे संपले. संकट समोर दिसताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते आणि ही त्या तयारीचीच लक्षणे असतात, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये मांडले. त्या धडधडीचे कारण समजले म्हणजे ती लगेच थांबते असे नव्हे. परंतु भीतीची भीती तरी वाटेनाशी होते.

सर्वांत मोलाचा धडा बुद्धीविषयीचा आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने याने सीमाँ या सहकाऱ्यासमवेत १९०५ मध्ये जी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती हुशार आणि ढ अशी मुलांची कायमची वर्गवारी लावण्यासाठी नव्हती. शाळेत कोणाला अधिक मदतीची गरज आहे हे ओळखण्यासाठी होती. माणसाची बुद्धी म्हणजे वाढू न शकणारी ठराविक रक्कम, या समजुतीचा बिनेने स्वतः निषेध केला होता. हीच चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसविली. परक्या भाषेतील, परक्या जीवनातील प्रश्न विचारून आपल्या मुलांची बुद्धी मोजता येत नाही, हे त्यामागील सूत्र होते. घरी झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत चटकन उत्तर देता आले नाही म्हणून ‘ढ’ ठरविले जाते, तेव्हा हे सूत्र विसरले गेलेले असते.

या अज्ञानाची किंमत केवळ गुणांत मोजता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. अशा मृत्यूंना एकच एक कारण नसते, आणि शाळेतील एका विषयाने ते थांबतील असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु मनाच्या वेदनेला शब्द देता येणे आणि मदत मागण्यात कमीपणा नाही हे ठाऊक असणे, या दोन गोष्टी शिकविता येतात. आज ‘मानसिक’ हा शब्द उच्चारला की अनेकांच्या डोळ्यांसमोर १८६४ पासूनचे नागपूरचे मनोरुग्णालय उभे राहते आणि तोंडे बंद होतात. मग डॉक्टरऐवजी मांत्रिकाचे दार ठोठावले जाते. जादूटोणाविरोधी कायदा राज्याने २०१३ मध्ये केला. पण कायदा ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही.

विरोधात दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, अभ्यासक्रमाच्या ओझ्याचा. त्यात तथ्य आहे. म्हणूनच नवे पुस्तक, नवी परीक्षा, नवे गुण यांची मागणी करू नये. दहावीच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या २०१८ मधील पुस्तकात ‘सामाजिक आरोग्य’ हा पाठ घालण्यात आला. माध्यमिक वर्गांसाठी ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा विषयही आला. परीक्षा जवळ आली की असे तास गणिताला आणि इंग्रजीला दिले जातात, हे शाळेत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो एक तास प्रामाणिकपणे राखला तरी प्रारंभाला पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अर्धवट माहितीच्या जोरावर शिक्षक मुलांना ‘मनोरुग्ण’ ठरवू लागले, तर औषधापेक्षा दुखणे बरे म्हणण्याची पाळी येईल. म्हणून येथे मर्यादा स्पष्ट हवी. शिक्षकाने शिकवावे, ऐकून घ्यावे आणि योग्य ठिकाणी पाठवावे; निदान करू नये. त्यासाठीच्या वाटा आता आहेत. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावयास हवा. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिला. शंभरांहून कमी पटाच्या खेड्यातील शाळेला हा तज्ज्ञ मिळणार कोठून, याचे उत्तर शिक्षण विभागाने आणि जिल्हा परिषदेने द्यावयाचे आहे.

तोवर शाळांना हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. महिन्यातून एक तास स्मरणाचा, एक भीतीचा, एक सवयीचा, एक मैत्रीचा आणि रागाचा, असा क्रम मुख्याध्यापकांना आपल्या अधिकारात आखता येईल. ‘बोधनिक प्रक्रिया’, ‘अवधान’ असे शब्द फळ्यावर लिहून ते पाठ करवून घेणे मात्र टाळावे. नाही तर मनाचा विषयही घोकंपट्टीचाच होईल. ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘धास्ती बसली’ हे मुलाचे रोजचे शब्द आहेत. आरंभ त्यांपासून व्हावा. शास्त्र मागाहून येईल.

साक्षरतेत भंडारा जिल्हा मागासलेला नाही. २०११ च्या जनगणनेत त्याचे प्रमाण सुमारे चौऱ्याऐंशी टक्के होते. लिहिता-वाचता येणाऱ्या या पिढीला स्वतःचे मन वाचता येऊ नये, ही तिची नव्हे, शाळेची उणीव आहे. पुढील निकालाच्या दिवशी अंगणात एकटे बसणारे मूल आज आठवी-नववीच्या वर्गात आहे. ‘आपल्याला डोकेच नाही’ असा निर्णय ते करण्यापूर्वी, त्याच्या शिक्षकाला तीस गुणांसाठी जे ठाऊक करून दिले गेले होते ते त्यालाही कळावे, एवढीच ही मागणी आहे.