तितराला फसवून बोलावता, आणि वर त्याला शिकार म्हणता?

मित्रांनो, आज थोडं लांब लिहितोय. राजकारण नाही, पाणीपट्टी नाही, रस्त्यावरचे खड्डेही नाहीत. विषय तितराचा आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

सध्या एक नवा शौक फोफावलाय. मोबाईलमध्ये तितराच्या नराचा आवाज डाउनलोड करायचा, छोटा ब्लूटूथ स्पीकर बांधावरच्या बोरीत किंवा तरवडाच्या झुडपात लपवायचा, भोवती जाळी नाहीतर नायलॉनचे फासे लावायचे आणि लांब बसून बटण दाबायचं. दहा-पंधरा मिनिटांत नर धावत येतो. कोणाकडे पिंजऱ्यातला पाळलेला तितर असतो. तो ओरडतो आणि रानातला त्याच्यावर चाल करून येतो. मग पाय धरून उलटा लटकवलेला पक्षी, मागे गाणं, आणि रील. खाली कमेंट, 'भाऊ, पार्टी कधी?'

हे करणारे कोण? पोटाला नाही म्हणून रानात गेलेले लोक हे नाहीत. दुचाकी आहे, चारचाकी आहे, महिन्याला रिचार्ज आहे. शहरातून रविवारी निघायचं, पैठण-गंगापूरकडचा माळ नाहीतर कन्नड-खुलताबादकडची टेकडी गाठायची, आणि संध्याकाळी ढाब्यावर 'आज आपण मारून आणलं' म्हणून मिशीला पीळ द्यायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. हा गुन्हा आहे, आणि त्याला शौर्य म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आधी तो नर धावत का येतो ते समजून घ्या. आपल्याकडचा राखी तितर जोडीने राहतो. माळाचा, बांधाचा एक तुकडा त्या जोडीचा असतो. उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत त्यांची वीण चालते. मादी गवतात, झुडपाखाली जमिनीवरच खळगा करून अंडी घालते. अशा दिवसांत दुसऱ्या नराचा आवाज आला की घरधनी नराला वाटतं, कोणीतरी आपल्या हद्दीत घुसलं. तो हुसकवायला येतो. म्हणजे तुमच्या स्पीकरवर येणारा पक्षी लालची नसतो, मूर्खही नसतो. तो घर राखायला आलेला असतो. ज्याची जोडी आहे, ज्याची जागा आहे, बहुतेक वेळा ज्याचं घरटं जवळपास आहे, नेमका तोच या युक्तीत सापडतो. विणीच्या दिवसांत हे केलं की एका पक्ष्याबरोबर त्या वर्षीची वीणसुद्धा बिघडते.

आता 'अमेरिकेत तर हे कायदेशीर आहे' असं सांगणारे शहाणे. त्यांनी व्हिडिओ बघितलेले असतात. खरंय. तिकडे रानटर्की नावाचा मोठा पक्षी आहे. वसंतात तिकडचे शिकारी मादीसारखा आवाज काढतात, प्लॅस्टिकची खोटी मादी गवतात उभी करतात आणि नर जवळ आला की गोळी घालतात. आवाज काढणं ही तिथली मोठी कला मानतात, तिच्या स्पर्धाही होतात. पण व्हिडिओत न दिसणारी गोष्ट ऐका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच टर्की बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने अनेक राज्यांतून संपली होती. नंतर नियम आले. परवाना लागतो, हंगामाचे दिवस ठरलेले असतात, एका माणसाने किती मारायच्या ते ठरलेलं असतं. बंदूक आणि काडतुसांवर 1937 पासून खास कर आहे, तो पैसा वन्यजीवांवर खर्च होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टर्कीसाठी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायला तिथल्या बहुतेक राज्यांत बंदी आहे. आवाज काढायचा तर स्वतःच्या तोंडाने किंवा हातातल्या साध्या साधनाने काढा. बदकांच्या शिकारीत जिवंत पक्षी आमिष म्हणून बांधायला तर 1935 मध्येच बंदी आली. युरोपनेही 1979 च्या पक्षी निर्देशात टेपरेकॉर्डर वाजवून पक्षी पकडणं वर्ज्य साधनांत टाकलं.

म्हणजे जिथे शिकार चालते, तिथल्या शिकाऱ्यांनाही कळलं की यंत्राचा आवाज लावला की पक्ष्याला वाचायला जागाच उरत नाही. आणि आमचे बहाद्दर इथे, जिथे शिकारच बंद आहे, तिथे तेच यंत्र लावून छाती फुगवतात!

आता कायदा, अगदी साध्या भाषेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवाने संपले. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. पकडणं, फासे लावणं, सापळा लावणं, हाकून आणणं, आमिष दाखवणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं ही सगळी शिकारच. म्हणून 'आम्ही मारला नाही, नुसता पकडला' ही सबब चालत नाही. 'काही सापडलंच नाही' हीसुद्धा नाही. फासे लावून बसलात तिथेच गुन्हा झाला.

शिक्षा? 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची एकमधला प्राणी असेल, उदाहरणार्थ आपला राष्ट्रीय पक्षी मोर, किंवा शिकार अभयारण्यात केली असेल, तर किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत. आपल्या जिल्ह्यात गौताळा औट्रम घाट अभयारण्य आहे, पैठणला नाथसागराचं जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. दोन्ही 1986 ची. तिथल्या पाणकाठाला 'आपलाच माळ' समजून फासे लावणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. आणि गुन्ह्यात वापरलेलं वाहन, हत्यार, सापळा, अवजार सरकारजमा होऊ शकतं. हप्त्यावर घेतलेली दुचाकी एका तितरापायी घालवायची असेल तर तुमची मर्जी.

इथे काही जण म्हणतील, तितर काय वाघ आहे का? ढिगाने आहेत. बरोबर, राखी तितर आज जागतिक यादीत धोक्यात नाही. पण ढिगाने आहे म्हणून लुटायचं, हा कुठला न्याय? माळ कमी होतोय, गायरानावर प्लॉट पडतायत, बांध जेसीबीने सपाट होतायत, तणनाशकाने बांधावरचं गवत जळतंय. जे उरलंय त्यात हा पक्षी कसाबसा अंडी घालतोय. शेतकरी मित्रांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको, तितर तणाचं बी खातो, वाळवी खातो, किडे खातो. फुकटात राबणारा गडी आहे तो तुमच्या रानातला. त्याला पकडून न्यायला शहरातून कोणी तुमच्या बांधावर येत असेल, तर तुम्ही गप्प का बसता?

दुसरा युक्तिवाद असतो, 'आणि तुम्ही कोंबडी खाता ते?' खातो ना. मटणही खातो. प्रश्न मांसाहाराचा नाहीच. ज्याला वेगळी चव हवी त्याला फार्मवर पाळलेली जपानी लाव्ही मिळते, ती खा, कोणी अडवलेलं नाही. पण रानातला तितर हा कोणाच्या खुराड्यातला नाही. तो चोरून आणलेला माल आहे, आणि 'स्पेशल आयटम आहे, आतून आणतो' असं कुजबुजत विकणारा ढाबेवालाही त्या चोरीत भागीदार आहे. मागणारं गिऱ्हाईकसुद्धा.

तिसरा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि त्यावर आपण सगळे सोयीने गप्प बसतो. तितराची शिकार म्हटलं की आपल्या तोंडात पहिलं नाव कोणाचं येतं? पारध्याचं. फासेपारधी समाजाची ही पिढीजात विद्या. फासे स्वतः वळायचे, माळाचा अन् माळ पायाखाली, तितराची शीळ तोंडाने अशी काढायची की पक्ष्याने उत्तर द्यावं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यापासून अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का गेला नाही. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि त्यांचा धंदाच बेकायदा झाला. कायदा योग्यच होता. पण त्या माणसांच्या हाताला दुसरं काम कोणी दिलं? जमीन कोणी दिली? आजही गावाजवळ पाल पडलं की पहिला संशय त्यांच्यावर.

आणि इकडे पोराने रील टाकलं की 'अरे, आपल्या अमक्याचा मुलगा आहे, सोडून द्या'. झोळीत दोन लावे सापडले की पारध्याला कोठडी, आणि स्पीकर लावून दहा तितर धरणाऱ्याला लाइक. हा दुटप्पीपणा आपल्या गावाचा आहे, समाजाचा आहे. एकाला पोट होतं, दुसऱ्याला फक्त मस्ती आहे. कायदा दोघांना सारखा लागला पाहिजे, हे तर आहेच. पण लाज कोणाला जास्त वाटायला पाहिजे, ते तुम्हीच सांगा.

हीच विद्या चांगल्या कामाला लागू शकते, याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. विदर्भात अकोला-वाशिम भागात तणमोर नावाचा माळरानावरचा अतिदुर्मीळ पक्षी शोधण्यासाठी आणि राखण्यासाठी 'संवेदना' संस्थेच्या कौस्तुभ पांढरीपांडे यांनी फासेपारधी समाजालाच सोबत घेतलं. कोणता पक्षी कुठे, कधी, कोणत्या गवतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? मराठवाड्यातही हे व्हावं. तितर-लाव्यांची गणना आवाजावरूनच करतात. माळ ओळखणाऱ्या पारधी तरुणांना त्यासाठी मानधन द्या, गौताळ्यात वाटाड्याचं काम द्या, माळरान राखायला ठेवा. नुसतं पकडून कोर्टात उभं करण्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त पडेल.

आता थोडं आमच्या कॅमेरेवाल्या मित्रांबद्दल. रागावू नका. जाळं लावत नाही म्हणून आपण धुतल्या तांदळासारखे, असं नाही. फोटो मिळावा म्हणून मोबाईलवर आवाज लावून पुन्हा पुन्हा पक्षी उघड्यावर आणायचा, ही तीच युक्ती आहे. तो नर अंड्यावरची जोडीदारीण सोडून, खाणं सोडून, नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. वर घार फिरत असते. अभयारण्यात वन्यप्राण्याला छेडणं हाही गुन्हा आहे. आपल्या शहरात दिल्ली गेटजवळ तलावाला सलीम अलींचं नाव आहे. त्या नावाखाली सकाळी फोटो काढायचे आणि दुपारी माळावर स्पीकर वाजवायचा, हे शोभत नाही. थांबा, वाट बघा, दिसला तर दिसला.

मग करायचं काय?

एक, असं रील दिसलं तर लाइक-शेअर करू नका. स्क्रीन रेकॉर्ड करा, लिंक जपून ठेवा. स्वतःहून पोस्ट केलेला तो पुरावा आहे.

दोन, वनविभागाची हेल्पलाइन 1926. फासे दिसले, पिंजऱ्यात तितर दिसला, ढाब्यावर विक्री दिसली, फोन करा. स्वतः मारामारी करायला जाऊ नका.

तीन, सरपंच आणि पोलीस पाटलांनी ग्रामसभेत ठराव घ्यावा, आमच्या शिवारात फासे-जाळी चालणार नाही. गावाने एकदा ठरवलं की रविवारची दुचाकी आपोआप दुसरीकडे वळते, आणि सगळ्याच गावांनी ठरवलं तर घरी.

चार, वनविभागाला विनंती. कारवाई झाली की फक्त पक्षी आणि आरोपीचा फोटो टाकू नका. स्पीकर, मोबाईल, गाडी जप्त केल्याचंही सांगा. पोरांना तुरुंगापेक्षा गाडी जाण्याची भीती जास्त असते, हे आपण सगळेच जाणतो.

पाच, घरातल्या मोठ्यांनो, तुमच्या पोराने तितर आणला तर तो शिजवू नका. बायाबापड्यांनो, चूल तुमच्या हातात आहे. 'हा माझ्या घरात शिजणार नाही' एवढं म्हटलंत, तरी निम्मा शौक उतरेल.

ज्यांना राग आला असेल त्यांनी कमेंटमध्ये खुशाल भांडा, मी उत्तर देईन. फक्त एक सांगा. समोरच्याला त्याच्या घरावर हल्ला झाल्याचं खोटं सांगून बाहेर बोलावायचं आणि बाहेर आला की गळा आवळायचा. माणसाच्या बाबतीत याला आपण काय म्हणतो? मग तितराच्या बाबतीत त्याचं नाव मर्दुमकी कसं झालं?

पटलं तर आपल्या गावाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तरी टाका, चर्चा तर होईल. 1926 हा नंबर मात्र सेव्ह करून ठेवा.